टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल: दोन टेस्टच्या मध्ये डेटाबेस कोरा कसा करायचा?

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. आडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे: आवक, सौदा, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद), हमाली-तोलाईची कपात, शेतकऱ्याचं पेमेंट. पायथनमधलं जँगो आणि पोस्टग्रेस डेटाबेस, टेस्ट पायटेस्टवर, टेबलं साठच्या आसपास. एकेक टेस्ट चालवली की हिरवी. सगळ्या एकदम सोडल्या की दर वेळी वेगळीच लाल होते.

नमुना बघा. 'दिवसाची आवक' या रिपोर्टची टेस्ट ३ पट्ट्या घालते आणि ३ मोजायला जाते, तर मिळतात ५. वरच्या २ आधीच्या कुठल्यातरी टेस्टच्या. दुसरीत पट्टी क्रमांक १ येईल असं धरलंय, येतो ४७.

सध्या प्रत्येक टेस्टनंतर सगळी टेबलं एकेक करून ट्रंकेट करणारं (एका फटक्यात रिकामं करणारं) फंक्शन आहे. त्याच्या तक्रारी तीन: (क) वेळ लई खातं, (ख) मधेच अडकून बसतं, (ग) कधी कधी जिन्नस आणि हमीभावाची टेबलंही रिकामी होतात. ती मायग्रेशननं (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टनं) भरलेली आहेत, ती जायलाच नकोत. थोड्या टेस्ट ब्राउझरमधूनही चालतात. रचना कशी ठेवावी?

गोदाकाठ (नांदेड)

दुधनाभाऊ, आधी ट्रंकेटचा नाद सोडा. बहुतेक टेस्टना साफसफाई लागतच नाही, कारण डेटा कमिटच (डेटाबेसमध्ये पक्का) होऊ द्यायचा नसतो. टेस्ट सुरू होताना ट्रान्झॅक्शन उघडायचं, टेस्ट संपली की रोलबॅक, म्हणजे त्यात केलेलं सगळं मागं. पक्क्या वहीत लिहून खाडाखोड करण्यापेक्षा कच्ची चिठ्ठी फाडून टाकायची, इतकंच.

जँगोत 'टेस्टकेस' क्लास हेच करतो. पायटेस्ट-जँगोत टेस्टवर 'जँगो_डीबी' मार्क लावला की तेच मिळतं. रोलबॅकला टेबलं किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. साठ असोत की सहाशे, खर्च जवळपास तेवढाच.

दोन गोष्टी पाळा.

एक, सगळ्या टेस्टना लागणारा समान डेटा (एक बाजार, दोन आडते, एक खरेदीदार) प्रत्येक टेस्टच्या सेटअपमध्ये भरू नका. 'सेटअप-टेस्ट-डेटा' या क्लास पातळीवरच्या मेथडमध्ये भरा. तिथं दोन पदरी ट्रान्झॅक्शन असतं: बाहेरचं क्लासभर टिकतं, आतलं सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली परत येण्याची खूण) प्रत्येक टेस्टला मागं जातं. जँगो ३.२ पासून त्या ऑब्जेक्टची प्रत प्रत्येक टेस्टला वेगळी मिळते, त्यामुळं एका टेस्टनं आडत्याचं नाव बदललं तरी दुसरीत जुनंच दिसतं.

दोन, ॲपच्या आत स्वतःचं 'ॲटॉमिक' (जँगोत ट्रान्झॅक्शन उघडणारा ब्लॉक) असेल तर घाबरू नका. बाहेर आधीच ट्रान्झॅक्शन उघडं असल्यानं आतलं आपोआप सेव्हपॉइंट होतं. एसक्यूएलअल्केमी (पायथनचीच दुसरी डेटाबेस लायब्ररी) वापरणाऱ्यांना हे हातानं सांगावं लागतं: कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन उघडायचं, सेशन त्या कनेक्शनला बांधायचं आणि २.० मध्ये 'जॉइन_ट्रान्झॅक्शन_मोड' ला 'क्रिएट_सेव्हपॉइंट' द्यायचं. मग ॲपनं कमिट म्हटलं तरी बाहेरचा रोलबॅक सगळं उचलून नेतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

गोदाकाठ बरोबर सांगतायत, पण रोलबॅक काही ठिकाणी खोटं हिरवं दाखवतो. ती ठिकाणं माहीत नसली की प्रॉडक्शनवर कळतं.

१. ऑन-कमिट. पट्टी सेव्ह झाल्यावर शेतकऱ्याला एसएमएस जावा म्हणून 'ऑन_कमिट' मध्ये काम टाकलं असेल, तर टेस्टमध्ये कमिट होतच नाही म्हणून एसएमएसचा कोड चालतच नाही. जँगो ३.२ पासून 'कॅप्चर-ऑन-कमिट-कॉलबॅक्स' आहे. त्याला 'एक्झिक्युट' खरं दिलं की ती कामं टेस्टमध्येच चालवून घेतं.

२. कमिटच्या वेळी तपासली जाणारी बंधनं. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणारा कॉलम) 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' असेल तर पोस्टग्रेस ती कमिटला तपासतो. कमिटच नाही तर तपासणीही नाही. जँगोचा टेस्टकेस शेवटी स्वतःहून तपासणी करतो, म्हणून तिथं निभावतं. हातानं रोलबॅक करणाऱ्यांनी टेस्टच्या शेवटी, रोलबॅकच्या आधी, 'सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट' चालवावं. बंधन मोडलेलं असेल तर तिथंच फुटतं.

३. वेळ. पोस्टग्रेसचं 'नाऊ' फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, चालू क्षणाची नाही. अख्खी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यानं कॉलमची डिफॉल्ट वेळ 'नाऊ' असली की टेस्टमधल्या तिन्ही पट्ट्यांना मायक्रोसेकंदापर्यंत तीच वेळ पडते. 'शेवटची पट्टी वर' या क्रमाची टेस्ट मग नशिबावर चालते. एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या डिफॉल्टला आणि ट्रिगरला हे लागू आहे. जँगोचं 'ऑटो_नाऊ_ॲड' पायथनच्या घड्याळातून वेळ घेतं, आणि जँगोचं स्वतःचं 'नाऊ' पोस्टग्रेसवर स्टेटमेंटची वेळ वापरतं, म्हणून ती दोन सुटतात. चालू क्षण पाहिजे तर 'क्लॉक_टाइमस्टॅम्प'. त्याहून चांगलं म्हणजे क्रमात दुय्यम कॉलम म्हणून पट्टीचा आयडी घाला. प्रॉडक्शनमध्येही एकाच वेळेच्या दोन ओळी येऊ शकतात.

४. एक चूक झाली की पुढचं सगळं बंद. दुहेरी पट्टी क्रमांक नाकारला जातो का ही टेस्ट घ्या. इन्सर्ट फुटला की पोस्टग्रेस अख्खं ट्रान्झॅक्शन बाद धरतो, पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ हा कोड देतो. फुटणारी ओळ तेवढी आतल्या 'ॲटॉमिक' मध्ये ठेवा. मग सेव्हपॉइंटपर्यंतच मागं जातं आणि पुढचं तपासता येतं.

५. सिक्वेन्स, म्हणजे पुढचा नंबर देणारा डेटाबेसचा काउंटर. तो रोलबॅक होत नाही. तुमचा पट्टी क्रमांक ४७ इथून आलाय. मायएसक्यूएलच्या ऑटो-इन्क्रिमेंटचंही तसंच. पण तुमचा पट्टी क्रमांक थेट सिक्वेन्सवरून काढत असाल तर मुळातच बघा. पेमेंट फसून रोलबॅक झालं की पट्टीपुस्तकात नंबर गळणार आणि तपासणीत 'मधली पट्टी कुठंय' म्हणून विचारणार. सलग क्रमांक पाहिजे तर वेगळ्या टेबलात शेवटचा नंबर ठेवून ती ओळ लॉक करूनच वाढवावा लागतो. हा टेस्टचा दोष नाही, टेस्टनं दाखवलेला दोष आहे.

दुधनाकाठ (सेलू)

बालाघाटी, पाचवा मुद्दा लागला. पट्टी क्रमांक सिक्वेन्सवरूनच आहे, बदलतो.

आता ब्राउझरच्या टेस्ट. तिथं सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये असतो. टेस्टनं घातलेला आडता लॉगिनच होत नाही, 'वापरकर्ता सापडला नाही' येतं. तिथं रोलबॅक चालणारच नाही ना?

मांजराकाठ (लातूर)

नाही चालणार. वेगळा थ्रेड म्हणजे वेगळं कनेक्शन, आणि कमिट न झालेली ओळ दुसऱ्या कनेक्शनला दिसत नाही. या टेस्टना खरं कमिट आणि नंतर खरी सफाई. पायटेस्ट-जँगोत मार्कला 'ट्रान्झॅक्शन' खरं द्या. अशा टेस्ट तो रोलबॅकवाल्यांच्या नंतर चालवतो, ते बरंच आहे.

पण या पद्धतीत टेस्टनंतर सगळी टेबलं पुसली जातात, मायग्रेशननं भरलेली जिन्नस आणि हमीभावही. सोयाबीन २०२४-२५ ला ४,८९२ ही ओळ गेली की पुढच्या टेस्टचे हिशोब शून्य. 'सीरियलाइझ्ड_रोलबॅक' लावलं तर जँगो सुरुवातीचा डेटा परत भरतो, पण तेही वेळ खातं. माझं मत, मास्टर डेटा मायग्रेशनमध्ये कोंबूच नये. वेगळं 'मास्टर भरा' फंक्शन ठेवा, मायग्रेशनही तेच बोलावेल आणि टेस्टची सफाईही.

आता तुमच्या तीन तक्रारी.

(ग) आधी घेतो, कारण त्यात खरी मेख आहे. तुमच्या ट्रंकेटमध्ये 'कॅस्केड' असणार. कॅस्केड हे डिलीटच्या कॅस्केडसारखं ओळ बघून चालत नाही. ज्या टेबलाची फॉरेन की तुमच्या टेबलाकडं बोट दाखवते ते टेबल अख्खं रिकामं होतं, त्या कॉलमात सगळीकडं नल असलं तरीही. हमीभावाच्या टेबलात 'कोणी भरलं' असा वापरकर्त्याकडं जाणारा कॉलम आहे का बघा. असला तर 'वापरकर्ते' ट्रंकेट केलं की हमीभाव गेला. पोस्टग्रेस तशी नोटीस देतो, पण टेस्टच्या आउटपुटमध्ये ती कोण वाचतंय. उपाय: कॅस्केड काढा, पुसायच्या टेबलांची यादी द्या, मास्टरमधला तो कॉलम काढा किंवा साधा मजकूर करा.

(क) वेळ. साठ टेबलांना साठ ट्रंकेट देऊ नका, एकाच स्टेटमेंटमध्ये सगळी नावं द्या: 'ट्रंकेट आवक, सौदे, पट्ट्या, कपाती, पेमेंट'. एकमेकांना जोडलेली टेबलं एकत्र असली की कॅस्केडही लागत नाही. आणि लोकांना पटत नाही, पण टेस्टसारख्या पाच-दहा ओळींच्या टेबलाला डिलीट बहुधा ट्रंकेटपेक्षा जलद पडतं. ट्रंकेट टेबलाला आणि त्याच्या प्रत्येक इंडेक्सला नवी फाईल करतं, जुनी कमिटला काढून टाकतं. हा खर्च ओळी किती आहेत यावर नसतो, फाईली किती यावर असतो. लाखभर ओळींना ट्रंकेट, दहा ओळींना डिलीट.

डिलीटला क्रम लागतो: आधी कपाती, मग पट्ट्या, मग सौदे, शेवटी शेतकरी. हा क्रम हातानं लिहू नका, नवीन टेबल आलं की विसरतं. फॉरेन कीची माहिती डेटाबेसच्या कॅटलॉगमधून वाचून क्रम लावा. डॉटनेटवाल्यांकडं 'रिस्पॉन' नावाची लायब्ररी नेमकं हेच करते. नाहीतर त्या सेशनपुरतं 'सेशन_रेप्लिकेशन_रोल' ला 'रेप्लिका' द्या, फॉरेन कीची तपासणी थांबते आणि कुठल्याही क्रमानं डिलीट चालतं. त्याला सुपरयुझर लागतो (१५ पासून ही परवानगी वेगळीही देता येते), आणि तुमचे स्वतःचे ट्रिगरही तेवढ्या वेळ झोपतात. काम झालं की 'ओरिजिन' वर परत आणा, नाहीतर ते कनेक्शन पूलमध्ये (उघडी कनेक्शन पुन्हा वापरायच्या साठ्यात) जाऊन पुढच्या टेस्टला बिनतपासणीचं मिळेल.

(ख) अडकणं म्हणजे लॉक. ट्रंकेटला टेबलावर सगळ्यात कडक लॉक लागतो, साधं सिलेक्ट करणारं उघडं ट्रान्झॅक्शनसुद्धा त्याला थोपवून धरतं. तुमच्याकडं बहुधा ब्राउझर बंद झाला तरी सर्व्हरची शेवटची रिक्वेस्ट किंवा पेमेंटचं बॅकग्राउंड काम चालू राहतं. रिपोर्टमधल्या वरच्या २ पट्ट्याही त्याच कामाच्या असू शकतात: आधी सफाई झाली, मग कामानं पट्ट्या लिहिल्या. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ब्राउझरचं पान बंद, मग कामांची रांग रिकामी होईपर्यंत थांबा, मग सर्व्हर थांबवा, आणि शेवटी सफाई.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

मायएसक्यूएल आणि जावाच्या स्प्रिंगवाल्यांसाठी भर घालते, कारण हे सगळं तिथं जसंच्या तसं लागू नाही.

मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट, क्रिएट, ऑल्टर ही सगळी आपोआप कमिट करतात. रोलबॅकवाल्या टेस्टच्या मधे कोणी ट्रंकेट किंवा तात्पुरतं नसलेलं टेबल तयार केलं की आधीचा सगळा डेटा पक्का झाला, शेवटच्या रोलबॅकला काही उरतच नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटही रोलबॅक होतं, म्हणून तिकडच्यांच्या हे लक्षात येत नाही.

ज्या टेबलाकडं फॉरेन की येते ते इनोडीबी (मायएसक्यूएलचं डिफॉल्ट स्टोरेज इंजिन) ट्रंकेट करू देत नाही, १७०१ एरर येतो. 'फॉरेन_की_चेक्स' शून्य करा, ट्रंकेट करा, परत एक करा. हे तिन्ही एकाच कनेक्शनवर व्हायला हवं. सेटिंग सेशनपुरतं असतं. पूलनं ट्रंकेटला दुसरं कनेक्शन दिलं की पुन्हा १७०१. आणि परत एक केल्यावर आधी घुसलेल्या चुकीच्या ओळी तो तपासत नाही.

मायएसक्यूएलची टेस्ट अडकली तर प्रोसेसलिस्टमध्ये 'मेटाडेटा लॉक' ची वाट बघताना दिसेल. 'लॉक_वेट_टाइमआउट' चं डिफॉल्ट ३१५३६००० सेकंद आहे. म्हणजे एक वर्ष. टेस्टच्या सेशनमध्ये ते ५ करा.

कुठलं टेबल रिकामं आहे हे 'इन्फर्मेशन_स्कीमा' मधल्या ओळींच्या आकड्यावरून ठरवू नका. इनोडीबीत तो अंदाज असतो, आणि ८.० मध्ये तो डिफॉल्टनं २४ तास साठवूनही ठेवला जातो. टेबलात एक तरी ओळ आहे का हे 'लिमिट १' नं विचारा.

स्प्रिंगमध्ये टेस्टवर 'ट्रान्झॅक्शनल' लावलं की शेवटी रोलबॅक. पण तीन भोकं आहेत. 'रँडम_पोर्ट' वर खरा सर्व्हर उभा केला तर तो वेगळ्या थ्रेडमध्ये कमिट करतो. 'रिक्वायर्स_न्यू' असलेली मेथड स्वतःचं ट्रान्झॅक्शन पक्कं करते. आणि हायबरनेट (जावाची डेटाबेस लायब्ररी) इन्सर्ट शक्य तेवढा पुढं ढकलतो, मग रोलबॅक आला की एसक्यूएल गेलंच नाही आणि युनिक बंधन मोडलेलं कळलंच नाही. सेव्हनंतर 'एंटिटीमॅनेजर' ला फ्लश आणि क्लिअर करा, मग वाचा.

'डर्टीज-कॉन्टेक्स्ट' लावून डेटाबेस कोरा होतो असं समजणारे फार आहेत. तो स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट नव्यानं उभा करतो. बाहेरच्या मायएसक्यूएलमधल्या ओळी जिथल्या तिथं राहतात, फक्त टेस्ट दहा पट रडतखडत चालतात.

आणि सफाईच्या यादीतून मायग्रेशनची हजेरी ठेवणारं टेबल वगळा: फ्लायवेचं 'फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी', लिक्विबेसचं 'डेटाबेसचेंजलॉग', जँगोचं 'जँगो_मायग्रेशन्स', रेल्सचं 'स्कीमा_मायग्रेशन्स'. ते पुसलं की पुढच्या वेळी मायग्रेशन पहिल्यापासून चालू होतं आणि 'टेबल आधीच आहे' म्हणून पडतं.

कन्नड_घाट

आयडी १ वर येण्यासाठी 'रीस्टार्ट आयडेंटिटी' लावा, काम फत्ते.

बालाघाटी (अंबाजोगाई)

कन्नडभाऊ, उलट करा. सगळ्या सिक्वेन्स १ वर आणल्या की शेतकरी १, सौदा १, पट्टी १. कोडमध्ये कोणी सौद्याच्या आयडीच्या जागी शेतकऱ्याचा आयडी पाठवला तरी टेस्ट पास, कारण दोन्ही १. टेस्टच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक सिक्वेन्सची सुरुवात मुद्दाम वेगळी ठेवा: शेतकरी १०००० पासून, सौदे २०००० पासून, पट्ट्या ३०००० पासून. 'सेटव्हॅल' एकदाच चालवायचं. अदलाबदल झाली की ओळ सापडत नाही किंवा फॉरेन की फुटते. टेस्टनं आकडा धरून बसू नये, जो आयडी परत आला तो वापरावा.

गोदाकाठ (नांदेड)

+१. फुकटात मिळणारी तपासणी आहे.

दुधनाकाठ (सेलू)

हे करून बघतो. पुढचा प्रश्न: टेस्ट चार वर्करवर (समांतर प्रोसेसवर) एकदम चालवल्या तर? एकाच डेटाबेसवर एकानं डिलीट केलं की दुसऱ्याच्या ओळी जाणार.

मांजराकाठ (लातूर)

प्रत्येक वर्करला स्वतःचा डेटाबेस. पायटेस्ट-एक्सडिस्ट वर्करचं नाव 'जीडब्ल्यू०', 'जीडब्ल्यू१' असं एन्व्हायर्नमेंटमध्ये देतो, जेस्ट १ पासून आकडा देतो, तो डेटाबेसच्या नावाला जोडा. पायटेस्ट-जँगो हे आपोआप करतो. बाकीच्यांनी पोस्टग्रेसचा टेम्पलेट वापरावा:

पहिलं, 'आडत_साचा' नावाचा डेटाबेस करा, सगळी मायग्रेशन चालवा, मास्टर भरा, सिक्वेन्स वेगळ्या करा.

दुसरं, त्याची सगळी कनेक्शन बंद करा. साच्याला एकही कनेक्शन लागलेलं असलं तर 'सोर्स डेटाबेस दुसरे कोणी वापरतंय' म्हणून नकार मिळतो. ॲपचा पूल किंवा उघडा राहिलेला पीजीॲडमिन हे नेहमीचे चोर. साच्यावर 'अलाऊ_कनेक्शन्स' खोटं करून ठेवलं की पुन्हा कोणी शिरत नाही.

तिसरं, प्रत्येक वर्करसाठी 'क्रिएट डेटाबेस आडत_जीडब्ल्यू० टेम्पलेट आडत_साचा'. मायग्रेशन परत चालत नाहीत, सरळ नक्कल होते.

चौथं, संपल्यावर 'ड्रॉप डेटाबेस' ला 'विथ फोर्स'. हे १३ पासून आहे, लटकलेली कनेक्शन स्वतः तोडतं.

साचा शिळा होतो, ती खरी अडचण. नवीन मायग्रेशन आलं आणि साचा जुना, तर 'कॉलम सापडत नाही'. मायग्रेशनच्या सगळ्या फाईलींचा हॅश काढा आणि साच्याच्या नावात पहिली आठ अक्षरं घाला. त्या नावाचा साचा असेल तर वापरा, नसेल तर नवा करा. नाव ६३ बाइटच्या आत ठेवा, आणि नाव देवनागरीत असेल तर एका अक्षरचिन्हाला ३ बाइट जातात हे धरून मोजा.

१५ पासून नक्कल करायच्या दोन तऱ्हा आहेत. डिफॉल्ट 'वॉल_लॉग', लहान साच्याला तीच बरी. साचा काही जीबीचा असेल तर 'फाईल_कॉपी' मोजून बघा.

कन्नड_घाट

एवढा खटाटोप कामून? टेस्टला एसक्यूलाइट मेमरीत उभा करा, संपला की आपोआप गायब.

बालाघाटी (अंबाजोगाई)

गायब होतो, पण टेस्ट पोस्टग्रेसची राहत नाही. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी डिफॉल्टनं बंद असते, दर कनेक्शनला प्रॅग्मा देऊन चालू करावी लागते. आकड्याच्या कॉलमात 'बारा पोती' असा मजकूर घातला तरी घेतो, टेबल 'स्ट्रिक्ट' नसेल तर. मेमरीतला डेटाबेस प्रत्येक कनेक्शनला वेगळा, म्हणून दुसऱ्या थ्रेडला टेबलच सापडत नाही.

आणि आपल्याकडची गोष्ट म्हणजे मराठी क्रम. तो नुसत्या बाइटच्या क्रमानं लावतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढं आणि व च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. शेतकऱ्यांच्या यादीत वर्णमालेप्रमाणं कावळे, काशीद, काळे यायला पाहिजेत. बाइटच्या क्रमानं काळे सगळ्यात वर जातात. पोस्टग्रेसच्या डॉकर इमेजमध्येही बघा, अल्पाईनवाली इमेज मसल लायब्ररीवर आहे आणि तिच्यात सिस्टिमचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) काम करत नाही. प्रॉडक्शन डेबियनवर आणि टेस्ट अल्पाईनवर असली की याद्यांचे क्रम जुळत नाहीत. कोलेशन बदलून डेटाबेस करायचा तर 'टेम्पलेट०' वरूनच होतो, म्हणून साचा करतानाच ते ठरवा.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

वेग पाहिजे तर पोस्टग्रेसलाच मेमरीत बसवा. डॉकरला 'टीएमपीएफएस' (मेमरीतली फाईलसिस्टिम) म्हणून /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा द्या. १८ च्या इमेजपासून डेटाची जागा बदललीय, तिथं शेवटचा /डेटा काढून वरचा फोल्डर द्यायचा. सोबत डेटा डिस्कवर सुरक्षित राहावा म्हणून असलेली 'एफसिंक', 'सिंक्रोनस_कमिट' आणि 'फुल_पेज_राइट्स' ही तिन्ही सेटिंग बंद. हे फक्त टेस्टच्या कंटेनरला. खऱ्या डेटाबेसला एफसिंक बंद ठेवला आणि लाईट गेली तर फाईली दुरुस्त न होण्याइतक्या बिघडू शकतात, आणि आपल्याकडं लाईट जाणं काही नवलाचं नाही. ८ जीबीच्या मशीनवर ब्राउझरच्या टेस्टही चालणार असतील तर टीएमपीएफएसला आकाराची मर्यादा घाला.

सुरुवातीच्या स्क्रिप्ट 'इनिटडीबी.डी' फोल्डरमध्ये टाकल्या असतील तर त्या डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच चालतात. 'स्क्रिप्ट बदलली पण टेबल जुनंच' म्हणणाऱ्यांचा व्हॉल्यूम मागचा राहिलेला असतो. टीएमपीएफएसला ही भानगडच नाही.

गोदाकाठ (नांदेड)

लाईटवरून निघालंच आहे तर सफाई टेस्टच्या आधी करा, नंतर नको. नंतरच्या सफाईला टेस्ट शेवटपर्यंत पोचावी लागते. लाईट गेली, कोणी कंट्रोल-सी मारलं, डीबगरमधून थांबवलं, की सफाई राहिली आणि पुढच्या वेळी पहिलीच टेस्ट उष्ट्या डेटावर. आधी केली तर मागचा इतिहास काहीही असो, टेस्ट कोऱ्यावरच चालते. शिवाय फेल झालेल्या टेस्टचा डेटा तसाच राहतो, उघडून बघता येतो.

सफाईच्या फंक्शनला कुलूपही पाहिजे. पहिल्या ओळीत डेटाबेसचं नाव विचारा, नाव टेस्टच्या नमुन्यात बसत नसेल तर तिथंच थांबा. नुसत्या नावावर भरवसा नको. साच्यात 'फक्त_टेस्ट' नावाचं एक रिकामं टेबल ठेवा, ते सापडलं तरच डिलीट. प्रॉडक्शनमध्ये ते टेबल नसणारच. आणि टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर प्रॉडक्शनचा पासवर्डच ठेवू नका.

ऑफिसात सगळ्यांचा एकच टेस्ट डेटाबेस असेल (नसावा) तर सुरुवातीला 'पीजी_ट्राय_ॲडव्हायझरी_लॉक' घ्या. मिळाला नाही म्हणजे दुसऱ्या कोणाच्या टेस्ट चालू आहेत. कनेक्शन तुटलं की लॉक आपोआप सुटतो. मधे पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शन वाटणारा पूल) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर हे चालत नाही, थेट कनेक्ट व्हा.

दुधनाकाठ (सेलू)

रोलबॅक लावला. बहुतेक टेस्ट शांत झाल्या. तरी भाव दाखवणारी एक टेस्ट अजून कधी पास, कधी फेल. टेबल बघितलं, डेटा बरोबर आहे, पण स्क्रीनवर जुना भाव.

मांजराकाठ (लातूर)

डेटाबेस कोरा आहे, कॅश (पटकन मिळावा म्हणून वेगळा साठवलेला डेटा) कोरी नाही. रेडिससारख्या मेमरीतल्या साठ्यात भाव साठवता का? रोलबॅक रेडिसपर्यंत पोचत नाही. टेस्टला वेगळा रेडिस नंबर द्या (डिफॉल्टनं ० ते १५ असतात, वर्करप्रमाणं वाटा) आणि टेस्टच्या आधी 'फ्लशडीबी'. 'फ्लशऑल' नको, तो सगळ्या वर्करचं पुसतो. पायथनच्या 'एलआरयू_कॅश' मधलं तर प्रोसेस मरेपर्यंत राहतं, त्याला 'कॅश_क्लिअर' हातानं. अपलोड झालेल्या पावत्यांचे फोटो, कामांची रांग, सर्चचा इंडेक्स यांनाही हाच नियम.

बालाघाटी (अंबाजोगाई)

आणि कोणती टेस्ट घाण करते हे शोधायला क्रम मुद्दाम बिघडवा. 'पायटेस्ट-रँडमली' क्रम ढवळतो आणि सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) छापतो. फेल झालं की तोच सीड देऊन तोच क्रम परत मिळवा, मग फेल होणाऱ्या टेस्टच्या आधीच्या टेस्ट निम्म्या निम्म्या करत जा. आरस्पेकमध्ये 'बायसेक्ट' हे स्वतः करतो. जेयुनिट ५ ला रँडम क्रम वेगळा सांगावा लागतो.

आणखी एक: 'एकूण पट्ट्या ३' असं तपासण्यापेक्षा 'या आडत्याच्या आजच्या पट्ट्या ३' असं तपासा, आडता त्या टेस्टनंच तयार केलेला. मग दुसऱ्याच्या ओळी राहिल्या तरी फरक पडत नाही. ज्यांना डेटाबेस पुसताच येत नाही, उदाहरणार्थ सामायिक स्टेजिंगवर, त्यांना हाच मार्ग आहे.

दुधनाकाठ (सेलू)

रेडिसच निघाला. शेवटचा प्रश्न. ब्राउझरच्या टेस्टची सफाई अजून एखाद्या वेळी अडकते. कोण धरून बसलंय ते कसं बघायचं?

मांजराकाठ (लातूर)

अडकलेलं असतानाच दुसऱ्या टर्मिनलवरून 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' बघा. वाट बघणाऱ्या सफाईचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' ला द्या, धरून बसलेल्याचा पीआयडी मिळतो. त्याच्या ओळीत अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल तर 'क्वेरी' कॉलममध्ये त्यानं शेवटी काय चालवलं ते दिसतं, त्यावरून कोडमधली जागा सापडते. बहुधा ट्रान्झॅक्शन उघडून एसएमएस किंवा बँकेच्या एपीआयची वाट बघणारी रिक्वेस्ट निघते.

सफाईच्या सेशनमध्ये 'लॉक_टाइमआउट' ५ सेकंद ठेवा म्हणजे लटकण्याऐवजी एरर येईल. टेस्टच्या डेटाबेसला 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' ३० सेकंद. कनेक्शनला 'ॲप्लिकेशन_नेम' मध्ये टेस्टचं नाव घाला, मग त्याच यादीत कोणत्या टेस्टचं कनेक्शन आहे ते सरळ वाचता येतं.